परभाषेतील मालिका आणि ओसरीवरचा प्रेक्षक
(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी विषय कळविला त्याच दिवशी कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांचा मला फोन आला. "सर, ग्रंथालयात आता मालिका?" एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती, आणि ती मला समजू शकते. १९८७ व १९८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले की हे दालन कसे ओस पडे, हे ज्यांनी या टेबलामागे बसून पाहिले आहे, त्यांना त्या पेटीविषयी ममत्व कोठून वाटावे? मीही त्या रविवारी पुस्तक बदलावयास येत नव्हतो, हे आज येथे कबूल करून टाकतो.

माझा विषय मात्र मालिका चांगल्या की वाईट हा नाही. परभाषेत घडलेली, परक्या देशात बेतलेली एखादी गोष्ट आपल्या घरातला प्रेक्षक कशी पाहतो, तिचे स्वतःशी काय करतो, आणि हे आपण अभ्यासावे कसे, एवढाच तो आहे. जगात इतरत्र या विषयाला माध्यमविद्येत चांगले स्थान मिळून चार दशके लोटली आहेत. आपल्याकडे मराठी विभागात तो अजून उंबऱ्याबाहेर उभा आहे. त्याला बाहेर उभे करणाऱ्यांत मीही होतो. त्याची हकिगत पुढे येईलच.

प्रथम 'परभाषा' या शब्दाचा विचार केला पाहिजे, कारण बुऱ्हाणपुरात तो शब्द सरळ अर्थाने वापरता येत नाही. फारुकी सुलतान आदिलशाह, ज्याला राजा अली खान असेही म्हणतात, त्याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेल्या आपल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. परगावचे पाहुणे ते पाहून चकित होतात, आपण होत नाही. बाबराची आत्मकथा तुर्कीतून फारसीत उतरविणारा अब्दुर्रहीम खानखानान अनेक वर्षे याच शहरी राहिला. सूत विणणाऱ्यांची उर्दू, बाजारातली हिंदी, पेठेतली गुजराती, फाळणीनंतर आलेल्यांची सिंधी, खेड्यांतून येणारी निमाडी आणि आपली खानदेशी वळणाची मराठी, यांतली कोणती आपली आणि कोणती परकी, हे येथे घराच्या भिंतीवरून ठरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला निमाड मध्यप्रदेशात राहिला. रावेर आणि बुऱ्हाणपूर यांच्यामध्ये राज्याची रेघ आहे. लग्ने त्या रेघेला जुमानत नाहीत, पण प्रक्षेपण पुष्कळ वर्षे जुमानीत होते.

त्यामुळे दूरदर्शनच्या पहिल्या काळात येथील मराठी कुटुंबाने जे पाहिले ते मुख्यतः हिंदीतून पाहिले. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली 'हमलोग' ही त्यातली पहिली मोठी मालिका. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे, भागाच्या शेवटी चार शब्द सांगावयास अशोककुमार, घर उत्तरेकडचे. परंतु तिचा साचा मेक्सिकोचा. मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्याने सत्तरच्या दशकात मनोरंजनातून समाजशिक्षण करणाऱ्या ज्या मालिका तेथे केल्या, त्यांवरून ही कल्पना आपल्याकडे आली. म्हणजे जिला आपण 'आपली पहिली मालिका' म्हणतो, तिची कुंडली परदेशी आहे. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी तिच्या प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हा दिल्ली व मद्रास या परिसरांबरोबर पुण्याचा परिसरही निवडला होता. मराठी माणूस हिंदी मालिका कशी पाहतो हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारला गेल्याचे ते मला माहीत असलेले पहिले उदाहरण. बुऱ्हाणपूर अर्थातच कोणाच्या नकाशात नव्हते.

पुढे १५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' ही उपग्रहवाहिनी सुरू झाली. केबलवाल्याच्या मागे लागून लागून ती आपल्या गल्लीत आली, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले होते. पण महिन्याभरातच माझ्या आईने एक वाक्य उच्चारले, ते मी विसरलेलो नाही. ती म्हणाली, "मराठी आहे खरं, पण आपल्यातली कोणी नाहीत." पुण्यामुंबईच्या सदनिका, तिथले बोलणे, तिथले रुसवे, हे तिला भाषेने जवळचे आणि रीतीने दूरचे होते. मी त्या वेळी तिची समजूत घातली. आता वाटते, समजूत घालण्याऐवजी वही काढून लिहून घ्यावयास हवे होते.

याच्या नेमके उलट घडले ते २०१४ साली. २३ जून २०१४ रोजी झी समूहाने 'जिंदगी' नावाची वाहिनी सुरू केली आणि तीवर पाकिस्तानी मालिका दाखवावयास आरंभ केला. उमेरा अहमद यांनी लिहिलेली, सुलताना सिद्दीकी यांनी दिग्दर्शित केलेली 'जिंदगी गुलजार है' ही त्यांतली सर्वांत गाजलेली. मुलगा हवा म्हणून दुसरे लग्न करणारा बाप, तीन मुलींना शिकविणारी आई, आणि जगावर राग धरून अभ्यास करणारी थोरली कशफ. भाग अवघे सव्वीस. आपल्या मालिका वर्षानुवर्षे चालत असताना, गोष्ट संपते याचेच प्रेक्षकांना अप्रूप वाटले. पाठोपाठ २०१५ साली 'फेरिहा' ही तुर्की मालिका हिंदी डबिंगसह आली. इस्तंबूलमधील एका इमारतीच्या रखवालदाराची मुलगी मोठ्यांच्या विद्यापीठात प्रवेश मिळविते आणि आपले घर लपविते, अशी ती गोष्ट.

त्या सुमारास एम. ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी लघुप्रबंधाचा विषय घेऊन माझ्याकडे आली. तिचे घर पॉवरलूमच्या वस्तीला लागून. तिच्या आईच्या आणि शेजारच्या मोमीन कुटुंबाच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत, आणि दोन्हीकडे एकाच वेळी एकच मालिका. उर्दू शब्द अडला की आई भिंतीवर थाप मारी, "खाला, तवक्को म्हणजे काय हो?" पलीकडून उत्तर येई, "उम्मीद, भाभी, उम्मीद." पुढे तिची आई मराठीत बोलतानाही म्हणू लागली, "मुलांकडून फार तवक्को ठेवू नये." कशफच्या आईला या घरात कोणी नावाने ओळखत नसे. तिचे नाव 'मास्तरीण'. फेरिहाची 'फरिदा' झाली होती आणि तिचा बाप होता 'आपला वॉचमन'. हे सारे त्या मुलीने मोठ्या उत्साहाने सांगितले आणि विचारले, "सर, यावर लिहू का?"

मी नाही म्हणालो. मार्गदर्शक म्हणून माझ्यापाशी कारणे तयार होती. हे साहित्य नव्हे, संदर्भग्रंथ मिळणार नाहीत, परीक्षक आक्षेप घेतील. तिने माझ्या सांगण्यावरून एका प्रतिष्ठित कादंबरीकारावर लिहिले. लघुप्रबंध नीटनेटका झाला आणि त्यावर तिला चांगले गुण मिळाले. त्यात मला ठाऊक नव्हते असे एकही वाक्य नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये उरी येथील हल्ल्यानंतर वाहिनीने पाकिस्तानी मालिका दाखविणे बंद केले आणि २०१७ मध्ये वाहिनीच दूरचित्रवाणीवरून गेली. भिंतीवरच्या थापा थांबल्या. जो अभ्यास त्या दोन वर्षांतच होऊ शकत होता, तो माझ्या एका नकाराने राहून गेला. ग्रंथ उद्याही वाचता येतो, या दालनातली शंभर वर्षांपूर्वीची पुस्तके आजही उघडता येतात. प्रेक्षक मात्र पाहत असतो तेव्हाच असतो. हे मला पन्नाशीत उमगले.

संदर्भग्रंथ मिळणार नाहीत, हे माझे म्हणणेही खोटेच होते. 'डॅलस' ही तेलसम्राटांच्या घराण्याची अमेरिकी मालिका १९७८ साली सुरू झाली आणि जगभर गेली. हॉलंडमधील इएन आंग या अभ्यासिकेने एका स्त्रियांच्या मासिकात छोटीशी जाहिरात दिली. मला ही मालिका आवडते, पण लोक त्याबद्दल विचित्र बोलतात, तुम्हांला काय वाटते ते लिहून कळवाल का, असा तिचा आशय. पत्रे आली बेचाळीस. एवढ्या सामग्रीवर तिने जे पुस्तक लिहिले ते १९८२ मध्ये डच भाषेत आणि १९८५ मध्ये इंग्रजीत निघाले, आणि आजही ते वाचले जाते. टेक्सासचे वाडे, गाड्या, मद्याचे पेले यांतले काहीच आपल्या आयुष्यात नाही, हे पत्र लिहिणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. तरीही त्यांना ती मालिका 'खरी' वाटे. खरेपणा वस्तूंत नसून भावनेत होता. आपल्या ग्रंथालयाने सभासदांना पोस्टकार्डे वाटली तर बेचाळीस उत्तरे येणार नाहीत काय?

दुसरा अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो. तामार लीब्स आणि एलिहू कॅट्झ या दोघांनी इस्रायलमध्ये तो केला आणि १९९० साली पुस्तकरूपाने मांडला. तेथे 'डॅलस' इंग्रजीत चाले आणि खाली हिब्रू व अरबी उपशीर्षके दिसत. अभ्यासकांनी काय केले? एका जोडप्याने आपल्या स्नेह्यांना घरी बोलवावे, सर्वांनी मिळून भाग पाहावा आणि मग बोलावे. पहिलाच प्रश्न असा, की ज्याने हा भाग पाहिला नाही त्याला तुम्ही तो कसा सांगाल? अरब कुटुंबे आणि मोरोक्कोहून आलेले ज्यू यांनी गोष्ट क्रमाने, नात्यागोत्यांसह, आरंभापासून सांगितली. रशियातून नुकतेच आलेले लोक गोष्ट बाजूला ठेवून तिच्यामागचा हेतू सांगू लागले. निर्माते आपल्याला काय पटवू पाहतात, असा संशय त्यांच्या अंगात मुरलेला होता. किबुत्झमधील तरुण आणि लॉस एंजेलिसमधील अमेरिकन एकेका पात्राच्या मनात शिरले. भाग एकच होता, पण सांगणाऱ्यांनी त्याच्या तीन कथा केल्या. आणि जपानमध्ये तर 'डॅलस' चाललीच नाही, थोड्या महिन्यांत बंद करावी लागली.

हे वाचताना मला आमच्या घरची ओसरी आठवली. श्रीधराची पोथी लागली की एक जण ओवी वाची आणि दुसरा तिचा अर्थ सांगे. 'हरिविजय', 'पांडवप्रताप' ऐकणाऱ्या स्त्रिया दुसऱ्या दिवशी विहिरीवर तोच अध्याय आपापल्या परीने सांगत, आणि त्या सांगण्यात द्रौपदी कधी माहेरवाशीण होई, कधी थोरली जाऊ. कीर्तनकाराचा उत्तररंग हा तरी काय असतो? सर्वांना ठाऊक असलेली कथा आजच्या श्रोत्यांसमोर पुन्हा सांगणे. लीब्स आणि कॅट्झ यांनी ज्याला संशोधनाची पद्धती केले, ती आपल्याकडे श्रवणाची रीत होती. तेव्हा 'हा विषय मराठीचा नव्हे' असे म्हणण्याचा अधिकार मराठीच्या अध्यापकाला सर्वांत कमी आहे.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. परकी नाटके आपल्याला नवी नाहीत. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ साली. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला १८९० मध्ये. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून १९७५ साली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणली, तेव्हा लंडनच्या फूलविक्या मुलीला अस्सल मराठी जीभ मिळाली. या सर्व उदाहरणांत परके ते आपले करण्याचे श्रम नाटककाराने घेतले. प्रेक्षकापुढे वस्तू आली ती घरच्या वेषात. डबिंग केलेल्या मालिकेत हे श्रम कोणी घेत नाही. ओठ तुर्की, आवाज हिंदी, गल्ली इस्तंबूलची, नावे तशीच. तेव्हा रूपांतराचे काम प्रेक्षकावर पडते, आणि तो ते करतो. 'फरिदा', 'मास्तरीण', 'आपला वॉचमन' ही त्याच कामाची चिन्हे आहेत. देवलांच्या शब्दयोजनेवर आपण प्रबंध लिहितो. भिंतीला कान लावून बसलेल्या बाईच्या शब्दयोजनेवर का लिहू नये, याचे उत्तर मला देता आलेले नाही.

येथे कोणी म्हणेल की प्रेक्षकाला फार डोक्यावर बसवू नका. त्याच्यापुढे काय ठेवायचे हे शेवटी वाहिन्याच ठरवितात. हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना परकेपण कोठे सुरू होते हे पुष्कळदा प्रेक्षकाला विचारलेच जात नाही. २०१६ मध्ये आपल्या भिंतीपलीकडची भाषा बोलणारी मालिका एका दिवसात परकी ठरली. मणिपुरात २००० साली रिव्होल्यूशनरी पीपल्स फ्रंट या बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपट व वाहिन्यांवर बंदी घातली. त्या रिकाम्या जागेत अरिरंग वाहिनीवरून कोरियन मालिका शिरल्या आणि तेथील तरुणांच्या बोलण्यात, केशरचनेत रुजल्या. प्रेक्षकाची निवड खरी, पण ताटात काय वाढले जाते यावर तिची मर्यादा. अभ्यासकाने दोन्हींची नोंद ठेवावी. केवळ मालिकेची संहिता वाचून प्रेक्षकाच्या मनात काय चालले असेल हे घरबसल्या ठरविणे मात्र आता पुरे झाले.

आता मला ज्या गोष्टीची खरी चिंता वाटते तिच्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत माझे विद्यार्थी कोरियन मालिका पाहतात. 'स्क्विड गेम' २०२१ मध्ये आली तेव्हा वर्गात दुसरा विषय नव्हता. ती ते हिंदी डबिंगमध्ये, भ्रमणध्वनीवर, कानात नळ्या घालून, एकेकटे पाहतात. भिंतीवर थाप मारण्याचा प्रसंग येत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आम्हीही कादंबऱ्या एकेकटेच वाचल्या. पण मालिका पाहून झाल्यावर ती एकमेकांना सांगितली जाते, ती आता हिंदीतून. आमच्या पिढीने हिंदीतून पाहिले आणि मराठीतून सांगितले. ते सांगणे हेच आमचे मराठीत राहणे होते, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

मी एकदा एका हुशार विद्यार्थिनीला म्हणालो, "बाळ, हाच भाग आता मला मराठीत सांग." घरी मराठी बोलणारी मुलगी. ती अडखळली. मला वाटले, कोरियन नावांपाशी अडखळेल. ती नावे तिने घडाघडा म्हटली. ती थांबली ती 'तेवढ्यात', 'हे कळल्यावर', 'त्याच्या मनात नसताना' या जागी. गोष्ट पुढे नेणारे जे लहान शब्द असतात, जे कोणी शिकवीत नाही, आजीच्या तोंडून येतात, ते तिच्यापाशी नव्हते. भाजी आणण्यापुरती, पाणी मागण्यापुरती मराठी तिच्या घरात आहे. गोष्ट सांगण्यापुरती राहिलेली नाही. सीमेवरच्या भाषेचे दुखणे जनगणनेच्या आकड्यांत उशिरा दिसते. येथे ते आधी दिसले.

म्हणून माझी या ग्रंथालयाला एक साधी विनंती आहे. वाचनकक्षात एक जाड वही ठेवावी. सभासदांनी, त्यांच्या घरातील स्त्रियांनी, मुलांनी पाहिलेली एखादी मालिका, ती कोणत्याही देशाची असो, मराठीतून त्या वहीत सांगावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे दुसऱ्याने लिहून घ्यावे. भाषा सुधारू नये. 'तवक्को' असेल तर 'तवक्को' राहू द्यावे, त्याचा अर्थ पाहावयास माधव जूलियनांचा 'फार्शी-मराठी कोश' आहेच. सांगणाऱ्याचे वय आणि मोहल्ला लिहावा, नाव लिहू नये. ज्येष्ठ सदस्यांना दिलासा म्हणून सांगतो, की दूरचित्रवाणी संच आणावा अशी माझी मागणी नाही.

वहीची पहिली पाने माझ्यापाशी आहेत. जिला मी नाही म्हणालो होतो ती विद्यार्थिनी आता महाराष्ट्रात एका शाळेत शिकविते. गेल्या दिवाळीत तिने मला टपालाने तीन पाने पाठविली. तिच्या आईने इतक्या वर्षांनंतर, आठवणीने सांगितलेली 'जिंदगी गुलजार है' तीत आहे, मुलीने जशीच्या तशी उतरून घेतलेली. मालिका पाहिलेल्यांना ठाऊक आहे की ती कशफ आणि झारून यांच्या प्रीतीची गोष्ट आहे. या तीन पानांत ती तशी नाही. अडीच पानांहून अधिक मजकूर मास्तरणीचा आहे. नवऱ्याने टाकल्यावर तिने घर कसे चालविले, शिकवण्या कशा घेतल्या, पोरींना कशी बोलली, कधी गप्प राहिली. झारूनचे नाव एकदाही येत नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत एवढेच आहे, "मग थोरलीचं लग्न झालं, मुलगा बरा होता." आणि त्याखाली कंसात, मुलीच्या अक्षरात, "हे सांगताना आईने भिंतीकडे पाहिले. खाला आता तिथे राहत नाहीत."

ती पाने मी सोबत आणली आहेत. सभा संपल्यावर ग्रंथपालांच्या स्वाधीन करतो.